हवेचा हवालदार

आमच्या भावजींना सगळे हवालदार म्हणत. पोलिसात ते कधीच नव्हते. अंगावर खाकी होती ती कामावरची, आणि तीही ग्रीसने काळी पडलेली. रस्त्यापलीकडे माशांच्या पिल्लांची शेड आहे. तिथल्या टाक्यांत हवा सोडणारी एक मोटार असते, ती सांभाळायची हे त्यांचं काम. हवेवर नेमलेला माणूस म्हणून शेडच्या मालकांनी एकदा थट्टेत नाव ठेवलं, ‘आमचा हवेचा हवालदार’, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पोस्टमनसुद्धा आमच्या दारात येऊन विचारायचा, “हवालदारसाहेब आहेत का?” शेजारी नवे भाडेकरू आले की काही दिवस आमच्याशी फार अदबीने वागायचे. मग खरं कळलं की हसायचे आणि वाटी मागायला येऊ लागायचे.

शेड बाहेरून गोदामासारखी दिसते. आत निळ्या गोल टाक्या, टाक्यांवरून गेलेले पांढरे पाइप, आणि पाइपांतून पाण्यात सोडलेल्या बारीक नळ्या. नळीच्या टोकाला छिद्राछिद्रांचा दगड. मोटारीने ढकललेली हवा त्या दगडातून बुडबुडे होऊन निघते. पिल्लं तांदळाच्या कणीएवढी, पण एकेका टाकीत इतकी दाटी की पाण्यातली हवा त्यांना पुरत नाही. मोटार थांबली की ती वर येतात, तोंडं उघडून हवा ओढतात. तेवढ्यात मोटार सुरू झाली तर पुन्हा खाली जातात. नाही झाली, तर जात नाहीत. भावजींची सगळी नोकरी त्या ‘तेवढ्यात’मध्ये होती.

लाइट गेली तर जनरेटर सुरू करायचा, मोठा खटका इकडून तिकडे करायचा, मोटारीचं हिरवं बटण दाबायचं. काम एवढंच. पण ते करायला माणूस तिथे पाहिजे, आणि लाइट काय सांगून जाते? म्हणून भावजी शेडच्या खोलीतच झोपायचे. जेवायला तेवढे आमच्याकडे यायचे, तेही दारातल्या खुर्चीवर, रस्त्याकडे कान करून. मोटारीचा आवाज आमच्या घरापर्यंत येत नाही. त्यांना मात्र येतो, असं ते शपथेवर सांगायचे. घास तोंडात असताना उठून जायचे. मागून ताटावर झाकण ठेवायचं काम माझं.

माझी जाऊ जिवंत होती तेव्हा म्हणायची, “वहिनी, मला सवत आहे. आणि ती तीन फेजची आहे.” बिचारी हसत बोलायची, पण लग्नानंतर दोघं कुठे म्हणून गेली नाहीत. ती गेली तेव्हा मुलगी शाळेत होती. भावजी मोटारीपाशी आणि मुलगी माझ्यापाशी, अशी तिची वाढ झाली. मला स्वतःचं मूल नाही. देवाने दिलं नाही, पण पदर रिकामाही ठेवला नाही, असं मी मनाशी म्हणत आले आहे. तिला आम्ही चिमणी म्हणतो. लग्न होऊन ती लांब गेली, बसने दिवसभराचा प्रवास. जावई जहाजावर कामाला. एकदा गेला की महिनोन्‌महिने येत नाही. माणूस सोन्यासारखा, पण समुद्रातलं सोनं घरात काय उपयोगाचं, असं आमचे हे म्हणतात.

मागच्या खेपेला चिमणीला दिवस गेले आणि राहिले नाहीत. तिचा फोन आला तेव्हा भावजींनी मालकांकडे सुटी मागितली. बदली माणूस शोधण्यात वेळ गेला. ते पोचले तेव्हा ती इस्पितळातून घरी येऊन एकटी पडून होती. स्वतःच उठून बापाला दार उघडलं तिने. भावजी परत आले. मी विचारलं, “कशी आहे?” तर म्हणाले, “कडी लावून झोपली होती हो. उठावं लागलं तिला.”

आता पुन्हा दिवस राहिले होते. डॉक्टरने बजावलं होतं, पाठ टेकून पडून राहायचं, जड उचलायचं नाही, जिना नाही. चिमणीने बापाला फोन केला, माझ्यासमोरच. फोन स्पीकरवर होता, कारण भावजींना एका कानाने ऐकायची सवय. दुसरा कान मोटारीचा.

“बाबा, तू ये. काम काही नको करूस. नुसता घरात बस.”

“येतो ना. येणारच.”

“मोटारीला विचारून सांगतोस का?”

भावजी हसले, पण फोन ठेवल्यावर किती तरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग मला म्हणाले, “वहिनी, या वेळी दार मी उघडणार. ती नाही.”

मालक माणूस वाईट नाहीत. त्यांनीही ऐकलं होतं. एके दिवशी आले ते हातात एक खोका घेऊन. “हवालदार, तुझी सुटका आणली आहे.”

खोक्यात राखाडी रंगाचा एक डबा होता, जाडजूड पुस्तकाएवढा. कारखान्यात, धरणावर, लांबच्या पंपांवर असले डबे लावतात म्हणे. मोटार चालते की थांबली हे तारेतून त्याला कळतं, आणि थांबली की आत घातलेल्या सिमवरून तो मोबाइलवर निरोप पाठवतो. म्हणजे भावजी चिमणीकडे असले तरी त्यांना कळणार. ते आम्हाला फोन करणार, आमचे हे रस्ता ओलांडून जाणार आणि जनरेटर सुरू करणार. खटका कसा फिरवायचा ते भावजींनी ह्यांना शिकवलं. हे पेन्शनीत निघालेले कारकून, आयुष्यात शाईच्या बाटलीपलीकडे काही उघडलेलं नाही. पण शिकले. हिरव्या बटणाला घाबरून आधी नमस्कार करायचे, एवढंच.

डबा जोडायला कंपनीचा माणूस आला त्या दिवशी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले होते. मालक आणि आमचे हेही तिथेच होते. भिंतीवरची लोखंडी पेटी उघडून भावजी तिच्यापुढे स्टुलावर बसले होते. आत रंगीत तारांचा गुंता, पण त्यांचा गुंतासुद्धा विंचरलेला. प्रत्येक तारेला चिकटपट्टी आणि तिच्यावर बारीक अक्षरात नाव. त्यांनी पट्टीवर डबा अडकवला, तो खट्‌ करून बसला. मोटारीला जिथून वीज जाते तिथूनच एक फाटा काढला, तो एका छोट्या यंत्रातून नेऊन चोवीस व्होल्टचा केला, आणि तांबडी तार अधिकवर, काळी उणेवर अशी स्क्रूखाली दाबली. डब्यावर हिरवा दिवा लागला. भावजींनी मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, जणू तान्ह्या मुलाने डोळे उघडले.

“या बाजूला आणखी दोन भोकं आहेत,” ते म्हणाले. “रिकामी.”

“तो दुसरा पुरवठा,” कंपनीचा माणूस म्हणाला. “बॅटरी लावायची असली तर. नाही लावली तरी चालतं.”

“पोट एक आणि तोंडं दोन!” भावजी हसले. त्या रिकाम्या भोकांचे स्क्रू सैल होते. धूळ जायला नको म्हणून त्यांनी तेही आवळून ठेवले.

डबा बोलेना. दिवा होता, आवाज नव्हता. रेंजच येत नव्हती. अँटेनाची काठी त्यांनी पेटीच्या आतच ठेवली होती, नीटनेटकी दिसावी म्हणून. आमचे हे म्हणाले, “अरे, लोखंडाच्या कपाटात बसून हाका मारल्या तर कोण ऐकणार?” मग भोक पाडून वायर बाहेर काढली आणि काठी छतावर चिकटवली. लगेच दुसरा दिवा लुकलुकायला लागला.

मग निरोपाचे शब्द काय घालायचे यावर खल झाला. भावजींनी आधीच ठरवून ठेवले होते. ‘मोटार बंद. या.’

“या?” हे म्हणाले. “निरोप तुलाच येणार ना? स्वतःलाच अहो-जाहो?”

“मालकांनाही जाणार आहे, दादा. त्यांना ‘ये’ कसं म्हणू?”

“मग ‘या’ असं एवढ्या तोऱ्यात कसं म्हणतोस? ‘कृपया यावे’ तरी म्हण.”

“जीव जातोय आणि कृपया काय!” मालक म्हणाले, आणि ‘या’ राहिलं.

कंपनीच्या माणसाने विचारलं, “रोज एकदा ‘सगळं ठीक आहे’ असा निरोप पाठवायला लावू का याला?”

मालकांनी हात जोडले. “नको रे बाबा. माझा फोन आधीच ओसंडतोय. काही बिघडलं तरच बोलू दे.”

“बरोबर आहे,” भावजी म्हणाले. “आमच्या घरचीही तीच रीत. निरोप नाही म्हणजे सगळं ठीक.”

आता परीक्षा. भावजींनी मोटारीचं तांबडं बटण दाबलं. मोटार थांबली, आणि मालकांचा आणि त्यांचा असे दोन्ही फोन वाजले. ‘मोटार बंद. या.’ भावजींनी हिरवं बटण दाबलं, मोटार सुरू. पुन्हा तांबडं, पुन्हा निरोप. मुलांसारखं चाललं होतं त्यांचं. एकदा तर आमच्या ह्यांना घरी जाऊन बसायला लावलं, निरोप आल्यावर फोन केला आणि हे चपला न घालता धावत आले. मालक म्हणाले, “कारकुनाची एवढी चपळाई सरकारने बघितली असती तर!”

निघताना कंपनीचा माणूस म्हणाला, “एकदा मेनही पाडून बघा. लाइट गेल्यावर काय होतं ते.”

भावजींनी कानाला हात लावले. “मेन पाडू? या हाताने? इतकी वर्षं ती जाऊ नये म्हणून बसलोय मी इथे. आणि टाक्या भरलेल्या आहेत बघा, पिल्लं आहेत आत. तसलं नाव काढू नका.”

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तो माणूस वरमला. “बरं, राहू दे. मोटार थांबल्याशी मतलब. बटणाने थांबली काय, आणि लाइट जाऊन थांबली काय, तेच ते.”

आम्हाला सगळ्यांनाच ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काय होतं?

भावजी गेले. बसमध्ये खिडकीपाशी बसले आणि काच खाली करून मला पुन्हा सांगितलं, सकाळ-संध्याकाळ नजर टाका. मी म्हटलं, “देव आहे, डबा आहे आणि आम्ही आहोत. तुम्ही मुलीकडे बघा.”

चिमणीचे फोन यायला लागले. असा आवाज मी तिच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता. बाबा चहा करतो पण साखर विसरतो. बाबाने शेजारणीच्या मिक्सरची वायर बदलून दिली, आता सगळ्या जिन्यातल्या बायका मिक्सर घेऊन येतायत. बाबाने पाय चेपून दिले. पहिले काही दिवस ते फोन उशाशी घेऊन बसायचे म्हणे, आणि तो वाजला नाही तरी उचलून बघायचे. मग तेही कमी झालं. एके दिवशी ती कुजबुजत बोलली, “काकू, गंमत ऐक.” आणि फोन लांब धरला. घोरण्याचा आवाज. “दुपारचा झोपलाय! पालथा! मी माझ्या बापाला कधी पालथं झोपलेलं बघितलं नव्हतं गं.”

मी देवापुढे हात जोडले. म्हटलं, एवढंच मागत होते.

तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. सकाळी मी शेडमध्ये जाऊन आले. मोटार चालू, बुडबुडे छान, पिल्लं टाकीभर पसरलेली. डब्याचा हिरवा दिवा लागलेला. घरी येऊन स्वयंपाक केला, जेवणं झाली. हे पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले. मी पंख्याखाली बसून शिवत होते. आमच्या घराची लाइन वेगळ्या खांबावरून येते. पंखा फिरत होता, म्हणून लाइटचा विचारही मनात आला नाही.

उन्हं कलायला लागली तसा फोन वाजला. भावजी.

“वहिनी, निरोप आलाय! मोटार बंद! दादाला उठवा!”

आवाजात घाई होती, पण भीती नव्हती. खरं सांगायचं तर उत्साह होता. हे धडपडत उठले. मी फोन कानाला लावून त्यांच्या मागे. रस्ता ओलांडताना खांबापाशी शिडी लावलेली दिसली आणि लाइनमन पक्कड पिशवीत टाकत होता. मला बघून म्हणाला, “आली ना लाइट? आत्ताच चढवली. तुमच्याकडे नव्हती गेली, शेडकडची तेवढी. जेवणाच्या आधीपासून बंद होती, खांबावरची जंपरची तार तुटली होती.”

मी ऐकलं. पण अजून डोक्यात पुरतं शिरलं नव्हतं. हे आधीच आत पोचले होते. मोटारीपाशी जाऊन त्यांनी नमस्कार न करताच हिरवं बटण दाबलं. मोटार घुरघुरली आणि लागली.

“लागली!” भावजी तिकडून ओरडले. आवाज त्यांनी फोनमधूनच ओळखला. “ऐकलंस का चिमणे? मिनिटभरात! निरोप आला, फोन केला, मोटार सुरू! वहिनी, आता मला पटलं. खरंच चालतं हे.”

मागून चिमणीचा हसण्याचा आवाज आला.

मी टाकीपाशी उभी होते. दगडांतून बुडबुडे यायला लागले होते. पाण्यावर पांढरी साय धरल्यासारखं दिसत होतं. बुडबुडा फुटायचा तशी ती साय थोडी हलायची आणि पुन्हा मिटायची. दुसऱ्या टाकीत तसंच. तिसरीपाशी हे उभे होते, त्यांनी पाण्यात हात घातला होता आणि तो तसाच धरून ठेवला होता.

“वहिनी? पिल्लं कशी आहेत?”

“वर आलीयत,” मी म्हटलं.

“येणारच. घाबरू नका. हवा लागली की जातील खाली. जरा वेळ द्या त्यांना.”

मनात देवाचं नाव घ्यायला लागले, तर तेही पुढे सरकेना. एकाच अक्षरावर अडकलं.

“गेली का खाली?”

“भावजी.”

“हां?”

“आडवी आहेत.”

ते म्हणाले, “कुठली टाकी?”

“सगळ्या.”

“नाही, वहिनी. आत्ता बंद पडली ना ती? निरोप आत्ता आलाय. एवढ्यात नाही जात ती. तुम्हाला तसं दिसतंय. दादाला द्या फोन.”

ह्यांनी ओल्या हाताने फोन घेतला आणि लाइनमनने सांगितलेलं सांगितलं. जेवणाच्या आधीपासून. हे सांगताना चाचरत होते, साहेबासमोर चुकलेली बेरीज वाचून दाखवावी तसे. मी जवळच होते. तिकडून भावजी बोलले ते मलाही ऐकू आलं, फार हळू, जणू कोणाला उठवायचं नाही म्हणून.

“डबाही त्याच तारेवर आहे, दादा. मीच दिली. लाइट गेली तेव्हा तोही गेला. तो काय सांगणार?”

लाइट आल्यावर डबा जागा झाला होता. त्याने बघितलं, मोटार थांबलेली आहे. मोटार लाइट आली तरी आपोआप लागत नाही, बटण दाबावं लागतं. म्हणून त्याने प्रामाणिकपणे निरोप पाठवला. त्याच्या दृष्टीने ती आत्ताच बंद पडली होती. बॅटरी असती तर दुपारीच बोलला असता. मेन एकदा पाडून बघितली असती तर कंपनीचा माणूस तिथे असतानाच हे कळलं असतं. हे सगळं भावजींनी मला मागाहून समजावलं, आणि समजावताना एकदाही कंपनीच्या माणसाचं नाव घेतलं नाही.

मालक आले. टाक्यांमधून एक फेरी मारली. मग बाहेर जाऊन गाडीच्या बॉनेटला टेकून उभे राहिले. मला म्हणाले, “हवालदाराला सांगा, तिकडेच राहू दे. आता इथे घाई करण्यासारखं काही नाही.”

मी ते जसंच्या तसं फोनवर सांगितलं, आणि सांगताना लक्षात आलं की खरंच होतं ते. टाक्या मेल्या होत्या. मोटार चालली काय, थांबली काय. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला कोणी अडवत नव्हतं. मी म्हटलं, “भावजी, राहा. पोरीसाठी राहा. इकडे मी बघते, टाक्या धुवायला माणसं लावतो आम्ही.” चिमणीने फोन घेतला. “काकू, तूच सांग त्याला. बूट घालून बसलाय.” तिच्या आवाजात मागचं हसू कुठेच नव्हतं.

ते निघालेच. दुसऱ्या दिवशी बसमधून उतरून घरी न येता सरळ शेडमध्ये गेले. मी मागोमाग ताट घेऊन गेले, तर हातात जाळी घेऊन टाकी उपसत होते. मालक आले तेव्हा भावजींनी जाळी खाली ठेवली आणि उभे राहिले.

“ओरडा तरी,” ते म्हणाले.

“कोणावर?” मालक म्हणाले. “तू इथे नव्हतास. मीच पाठवलं होतं.”

“तार मी जोडली.”

“डबा मी आणला.” मालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. भावजी त्या हाताखाली असे आकसले की मला वाटलं, यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कंपनीचा माणूस पुन्हा आला. दुसऱ्या भोकांत बॅटरीच्या तारा बसवल्या. या वेळी टाक्या रिकाम्याच होत्या, म्हणून त्याने मेन पाडली. शेड गप्प झाली आणि फोन वाजला. पुन्हा पाडली, पुन्हा वाजला. आता रोज सकाळी ‘सगळं ठीक’ असाही निरोप येईल अशी सोय केली. “आता बिनधास्त जा,” तो म्हणाला. भावजींनी मान डोलावली. माझ्या देखत डोलावली, म्हणून मी नव्या आशेने पिशवी भरायला घेतली. चिमणीसाठी जुन्या मऊ साड्या, लोकरीचं टोपडं.

मग नवी पिल्लं आली. टाक्या भरल्या. भावजी खोलीतली खाट उचलून मोटारीपाशी घेऊन गेले.

“भावजी, आता बॅटरी आहे ना?”

“आहे.”

“परीक्षाही झाली.”

“झाली.”

“मग?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “पहिल्यांदाही झाली होती, वहिनी.”

मी आमच्या ह्यांना बोलायला लावलं. हे तावातावाने गेले, आणि भावाशेजारी खाटेवर बसून, चहा पिऊन परत आले. मालकांनी सांगून बघितलं, हुकूमही करून बघितला. भावजी हो म्हणायचे, बसचं तिकीटही काढायचे. निघायच्या सकाळी अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून मोटारीपाशी जाऊन बसायचे. कोणी ओढून नेणार का? घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. असं एकदा नाही, दोनदा झालं. दोन्ही वेळा चिमणीने फोनवर मलाच समजावलं. “राहू दे, काकू. त्याला छळू नकोस.” पडल्या पडल्या बोलणाऱ्या माणसाचा आवाज वेगळाच येतो, छातीतून न येता गळ्यातून आल्यासारखा.

गेल्या आठवड्यात डॉक्टरने तिला सांगितलं की आता एकटीने राहायचं नाही. जावयाचं जहाज कुठल्या बंदरात आहे ते त्यालाच धड सांगता येत नाही. तेव्हा मी ठरवलं. ह्यांना डाळ-तांदूळ कुठे आहे ते दाखवलं, देवापुढे दिवा लावायला सांगितलं, आणि साड्यांच्या त्याच पिशवीत माझे कपडे कोंबले.

सांगायला शेडमध्ये गेले. भावजी डब्याच्या दिव्याकडे बघत होते. मी म्हटलं, “मी जाते चिमणीकडे.”

“जा,” ते म्हणाले. मग उठले, खिसे चाचपले, काही तरी द्यायचं असावं तसे. टेस्टर होता खिशात, तो काढला आणि परत ठेवला. “तिला सांगा...” एवढं म्हणाले. मी थांबले. मोटारीचा आवाज जरा बदलला असं त्यांना वाटलं असावं. मला तर काही कळलं नाही. ते वाकून तिला हात लावून बघू लागले. तापली आहे का बघत होते, पोराच्या कपाळाला हात लावावा तसं. मी बराच वेळ उभी राहिले. बस चुकेल म्हणून मग निघाले.

बस शेडवरूनच जाते. वळणावर ड्रायव्हरने वेग कमी केला. शेडचं दार उघडं होतं आणि भावजी उंबऱ्यावर उभे होते, बसची वेळ लक्षात ठेवून. पण तोंड आतल्या बाजूला होतं. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हाक मारली, “भावजी!” पुन्हा मारली, शेजारची बाई दचकली इतक्या मोठ्याने. त्यांची पाठ तशीच राहिली. बसने वेग घेतला.